खुनानंतरचं घर

टेलिव्हिजनवरच्या खुनाच्या गोष्टीची एक ठरलेली चाल असते. प्रेत सापडतं, पोलीस येतात, आई हंबरडा फोडते आणि कॅमेरा तिच्याकडे पाठ फिरवून तपासाच्या मागे निघून जातो. ती पुन्हा दिसते ती थेट शेवटी, गुन्हेगार सापडल्याचं सांगायला कुणी तिच्या दारात उभं राहतं तेव्हा. मधल्या दिवसांत त्या घरात चूल कुणी पेटवली, धाकट्या भावंडाला शाळेत कुणी सोडलं, शेजारी कसे वागले, हे आपल्याला कळत नाही. त्यानं रहस्य उलगडायला मदत होत नाही, म्हणून ते गाळलं जातं.

गेल्या वीसेक वर्षांत काही मालिकांनी नेमका हा गाळलेला काळ हातात घेतला. २००७ साली डेन्मार्कच्या सरकारी वाहिनीवर ‘फोरब्रिडेल्सन’ सुरू झाली. पुढे ती ‘द किलिंग’ या इंग्रजी नावानं जगभर गेली. सोरेन स्वाइस्ट्रुप या लेखकानं एका तरुण मुलीच्या खुनाला तब्बल २० भाग दिले, एका भागात साधारण एक दिवस. सारा लुंड ही तपास अधिकारी जितकी पडद्यावर असते, जवळपास तितकेच त्या मुलीचे आईवडीलही असतात. २०१३ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर ख्रिस चिबनॉलची ‘ब्रॉडचर्च’ आली. समुद्रकाठच्या छोट्या गावात ११ वर्षांचा मुलगा मारला जातो आणि संशयानं सारं गाव आतून कुरतडलं जातं. आपल्याकडे २०१९ मध्ये रिची मेहता यांची ‘दिल्ली क्राइम’ आली. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराचा तपास तिचा विषय होता, पण अत्याचाराचं दृश्य तिनं दाखवलं नाही. पोलीस अधिकारी झालेल्या शेफाली शाह यांच्या चेहऱ्यावरून, डॉक्टरांच्या बोलण्यावरून आणि पोलीस ठाण्यातल्या जागरणांवरून त्या क्रौर्याचा अंदाज येत गेला. २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा आंतरराष्ट्रीय एमी तिला मिळाला. भारतीय मालिकेला हा मान प्रथमच मिळत होता.

या साऱ्या मालिका आपल्याला बळीच्या बाजूला बसवतात किंवा पोलिसांच्या. १३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’नं तिसरं दार उघडलं. ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याच्या घराचं दार. आरोपी १३ वर्षांचा. चारच भाग, आणि प्रत्येक भाग सलग एका शॉटमध्ये चित्रित केलेला. हिंसेनंतरच्या काळाचं चित्रण टेलिव्हिजननं इतक्या जवळून क्वचितच केलं असेल.

कट नसलेला तास

मालिकेची कल्पना स्टीफन ग्रॅहम या ब्रिटिश अभिनेत्याची. लहान मुलांनी मुलींना भोसकल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या आणि हे आपल्या समाजात का घडतंय, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. जॅक थॉर्न यांच्यासोबत त्यांनी पटकथा लिहिली आणि आरोपीच्या वडिलांची भूमिका स्वतः केली. कथा कोणत्याही एका खऱ्या प्रकरणावर बेतलेली नाही. दिग्दर्शक फिलिप बॅरन्टिनी यांनी त्याआधी ग्रॅहम यांनाच घेऊन ‘बॉयलिंग पॉइंट’ हा एका रेस्तराँच्या स्वयंपाकघरातला चित्रपट एका शॉटमध्ये केला होता.

एका शॉटमध्ये चित्रीकरण म्हणजे कॅमेरा सुरू झाला की भाग संपेपर्यंत बंद होत नाही. संकलनाच्या टेबलावर काही दुरुस्त करता येत नाही. कुणाचं वाक्य चुकलं, कॅमेरामन उंबऱ्याला अडखळला, रस्त्यावर नको ती गाडी आली, की सगळं पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे ठेवले होते. पहिला आठवडा नटांच्या तालमीचा. दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा, ध्वनी आणि प्रकाशयोजनेची माणसं तालमीत उतरत आणि कोण कुठून वळेल, कोण कुठे लपेल हे पावलापावलानं ठरत असे. तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष चित्रीकरण, दिवसाला बहुधा दोन वेळा. मराठी नाटकवाल्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. तालीम, रंगीत तालीम आणि मग प्रयोग. फरक इतकाच की इथे दहा-पंधरा प्रयोगांतला एकच प्रेक्षकांसमोर येतो. पहिल्या भागाचा दुसरा टेक वापरला गेला, दुसऱ्याचा १३ वा, तिसऱ्याचा ११ वा आणि चौथ्याचा १६ वा.

छायाचित्रणकार मॅथ्यू लुइस यांनी त्यासाठी हातात धरता येईल असा हलका कॅमेरा निवडला. तो एका ऑपरेटरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो, गाडीत चढतो, खिडकीतून बाहेर पडतो, पळत्या मुलामागे धावतो. दुसऱ्या भागाच्या अखेरीस शाळेबाहेर त्याला ड्रोनला जोडलं जातं. तो वस्तीवरून उडत खुनाच्या जागेपाशी येतो, तिथे पुन्हा माणसांच्या हातात उतरतो आणि फुलं वाहायला आलेल्या आरोपीच्या वडिलांच्या चेहऱ्याजवळ थांबतो.

हे कौशल्य थक्क करणारं आहेच, पण त्याचं खरं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. प्रसंग असह्य झाला की संकलक कट मारतो आणि आपण सुटतो. टेलिव्हिजन बघण्याची ती एक सवलत आहे. ‘अ‍ॅडोलेसन्स’ ती काढून घेते. त्या घरातल्या माणसांना जसं उठून निघून जाता येत नाही, तसं आपल्यालाही येत नाही.

सकाळची धाड

पहिला भाग पाहताना हे लगेच जाणवतं. भल्या सकाळी सशस्त्र पोलीस एका साध्या घराचं दार फोडून आत शिरतात. वडील एडी मिलर प्लंबर आहेत. आई मँडा आणि मोठी बहीण लिसा यांना काय चाललंय याचा पत्ताच नाही. पोलीस जिन्यावरून वर जातात आणि ज्याच्यावर बंदूक रोखतात तो अंथरुणातला कोवळा पोरगा निघतो, त्यांचा मुलगा जेमी. भीतीनं त्याची पँट ओली झालेली असते. अधिकारी त्याला अटकेचं कारण सांगतात, केटी नावाच्या वर्गमैत्रिणीच्या खुनाचा संशय, आणि कपडे बदलायला देतात.

मग जेमीला गाडीतून पोलीस ठाण्यात नेलं जातं आणि आपण त्या प्रवासात त्याच्या शेजारी बसून राहतो. नेहमीच्या मालिकेत घर ते ठाणे हे अंतर अर्ध्या सेकंदात संपतं. इथे ते खरोखर कापावं लागतं. म्हणूनच निवडलेलं घर आणि ठाण्याचा सेट यांत गाडीनं काही मिनिटांचंच अंतर ठेवलं होतं. यॉर्कशायरमधल्या साउथ कर्बी इथल्या स्टुडिओत तो सेट उभारला होता.

ठाण्यात पुढचा सगळा वेळ कार्यपद्धतीत जातो. नाव, वय, काही आजार आहे का, काय खाणार, वकील हवा का. इंग्लंड आणि वेल्समध्ये १० व्या वर्षापासून मुलाला गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येतं. पण संशयित १८ वर्षांच्या आतला असेल तर चौकशीच्या वेळी त्याच्या बाजूनं एक प्रौढ व्यक्ती हजर असावीच लागते. जेमी वडिलांचं नाव घेतो. एडी आता बाप म्हणून आणि कायद्यानं नेमलेला साक्षीदार म्हणूनही तिथे बसतो. मुलाची अंगझडती घेतली जाते तेव्हा कॅमेरा मुलाकडे वळत नाही, तो एडीच्या चेहऱ्यावर खिळून राहतो. पोलीस कुणी दुष्ट नाहीत. सगळे नियमानं, बऱ्यापैकी सौम्यपणे वागतात, आणि तरी त्या बापाचं जग एका सकाळीत कोसळतं.

भारतात हे चित्र वेगळं असतं. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयोगटातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालवता येतो. १३ वर्षांच्या मुलावर तसा खटला चालत नाही, त्याला फार तर तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. पण अटकेच्या सकाळी आईवडिलांच्या पायाखालची वाळू सरकते, ती दोन्हीकडे सारखीच.

भागाच्या शेवटी चौकशीच्या खोलीत सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं जातं आणि शंकेला जागा उरत नाही. कोणी केलं, हा प्रश्न पहिल्याच तासात निकाली निघतो. उरलेले तीन तास खून का घडला आणि आता कसं जगायचं, या प्रश्नांचे आहेत.

बापाला शिकवणारा मुलगा

दुसरा भाग घटनेनंतर तीन दिवसांनी जेमीच्या शाळेत घडतो. हत्यार सापडलेलं नाही, कारण कळलेलं नाही. तपास अधिकारी ल्यूक बॅसकोम आणि त्यांची सहकारी मिशा फ्रँक वर्गावर्गात फिरतात. तीनशेहून अधिक मुलं या चित्रीकरणात होती आणि ती सगळी एका सलग तासात आपापल्या जागी हवी होती. शिक्षक ओरडून दमलेले, मुलं एकमेकांना बोचकारणारी, धोक्याची घंटा वाजते तेव्हा मैदानात गलका. केटीची मैत्रीण जेड दुःखानं वेडीपिशी झालेली आहे आणि तिच्याशी नीट बोलायला कुणाला सवड नाही.

या भागातला एक छोटा प्रसंग मला सगळ्या मालिकेचा कणा वाटतो. बॅसकोमचा मुलगा अ‍ॅडम याच शाळेत शिकतो. बाप-लेकात फारसं बोलणं नाही. बाप चुकीच्या दिशेनं चाललाय हे पाहवेना म्हणून अ‍ॅडम त्याला बाजूला घेतो. केटी जेमीच्या इन्स्टाग्रामवर चिन्हं टाकायची, त्यावरून दोघांची मैत्री होती असा पोलिसांचा समज झालेला असतो. अ‍ॅडम एकेक चिन्ह उलगडून सांगतो. लाल गोळी कशासाठी वापरतात. शंभरचा आकडा म्हणजे काय: ८० टक्के बायकांना २० टक्केच पुरुष आवडतात, असं सांगणारा इंटरनेटवरचा एक कडवट सिद्धान्त. त्या चिन्हांतून केटी जेमीला ‘इन्सेल’ म्हणत होती. कोणतीही मुलगी ज्याला कधी जवळ करणार नाही, आणि त्याबद्दल जो सगळ्या स्त्रीजातीवर डूख धरतो, अशा पुरुषासाठीचा हा शब्द. १३ वर्षांच्या मुलाला, सगळ्या शाळेसमोर.

वर्षानुवर्षं तपास करणारा अनुभवी पोलीस तिथे निरक्षर ठरतो. सगळा पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण त्याला तो वाचता येत नव्हता. त्याला वाचायला शिकवतो तो त्याचाच मुलगा, तेही संकोचत, बापाची फजिती होऊ नये म्हणून. अ‍ॅश्ली वॉल्टर्स यांनी बॅसकोमचा चेहरा इथे फार सुरेख सांभाळलाय. त्याला खुनाचं कारण उमगत असतं आणि त्याच क्षणी आपला मुलगा या शाळेत रोज काय सोसतो, तेही.

तिसऱ्या खुर्चीत कोणी नाही

तिसरा भाग सात महिन्यांनंतरचा. जवळजवळ पूर्ण तास एका खोलीत दोनच माणसं. जेमी बंदिस्त केंद्रात आहे आणि ब्रायनी ही मानसशास्त्रज्ञ न्यायाधीशांसाठी त्याचा अहवाल लिहिते आहे. ती त्याच्यासाठी मार्शमेलो घातलेलं हॉट चॉकलेट आणते, अर्धं सँडविचही देते. बोलणं बाबा, आजोबा, पुरुष असणं म्हणजे काय, अशा विषयांवरून हळूहळू पुढे सरकतं. मुलगा मध्येच गोड हसतो, मध्येच उठून अंगावर येतो, आवाज चढवतो आणि तिची घाबरगुंडी उडालेली पाहून त्याला मजा वाटते. पुढच्या मिनिटाला तो पुन्हा लहान मूल होतो.

याच बोलण्यात खुनामागची गोष्ट उघड होते. केटीचा एक खासगी फोटो मुलांमध्ये फिरला होता. आता ती खचलेली असेल, आपल्याला होकार देईल, असा हिशेब करून जेमीनं तिला विचारलं होतं. तिनं नकार दिला. तिची बेअब्रू त्याला संधी वाटली, यात काही वावगं आहे हे त्याला अजूनही कळलेलं नाही. उलट, इतर मुलांपेक्षा आपण चांगले वागलो, असंच तो मानतो. मालिकेतला सर्वांत भयंकर क्षण मला हा वाटतो. सुऱ्यापेक्षाही हा विचार जास्त भयंकर आहे, कारण तो कुठल्याही शाळेच्या मैदानात सहज ऐकू येऊ शकतो.

जेमी झालेला ओवेन कूपर याआधी कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नव्हता, आणि चित्रीकरणात पहिला आला तो हाच भाग. दिवसातल्या दुसऱ्या टेकला त्याला खरोखर जांभई आली. ती पटकथेत नव्हती. ब्रायनी झालेल्या एरिन डोहर्टी यांनी ती तिथल्या तिथे उचलली, तुला कंटाळा येतोय का, असं त्याला विचारलं आणि प्रसंग पुढे नेला. तो टेक अंतिम ठरला. सप्टेंबर २०२५ मध्ये दोघांनाही सहायक अभिनयाचे एमी मिळाले. तेव्हा १५ वर्षांचा असलेला कूपर अभिनयाचा एमी मिळवणारा सर्वांत लहान पुरुष ठरला. सर्वोत्तम मर्यादित मालिका, दिग्दर्शन, लेखन आणि ग्रॅहम यांचा मुख्य अभिनय हे सन्मानही ‘अ‍ॅडोलेसन्स’कडेच गेले.

मात्र त्या खोलीत एक व्यक्ती नाही. केटी. चारही भागांत ती आपल्याला माणूस म्हणून भेटत नाही. ती कुठल्या विनोदांवर हसायची, तिला काय व्हायचं होतं, तिच्या आईवडिलांचं पुढे काय झालं, काहीच कळत नाही. मालिकेवर हा आक्षेप घेतला गेला आणि तो खरा आहे. लेखकांना त्याची जाण होती. दुसऱ्या भागात मिशा फ्रँक हेच बोलून दाखवते: सगळे जेमीला लक्षात ठेवतील, केटीला कुणी नाही. पण जाण असणं आणि जागा देणं यांत अंतर आहे. आरोपीच्या घरात शिरायचं ठरवलं की बळीच्या घराबाहेर राहावं लागतं. ही किंमत या रचनेला मोजावी लागली, आणि ती मोठी आहे. म्हणून ‘अ‍ॅडोलेसन्स’ पाहिलेल्यानं ‘फोरब्रिडेल्सन’ही पाहावी असं मला मनापासून वाटतं. एकीत जे घर बंद राहतं ते दुसरीत उघडं आहे.

वाढदिवसाची सकाळ

चौथा भाग १३ महिन्यांनंतरचा. एडीचा ५० वा वाढदिवस. कुणीतरी रात्री त्याच्या कामाच्या गाडीवर स्प्रेनं शिवी लिहून ठेवली आहे, तीही अशुद्ध. डाग निघत नाही म्हणून तो बायको-मुलीला घेऊन रंग आणायला निघतो. गाडीत ते जुनी गाणी लावतात, एडी आणि मँडा शाळेतल्या दिवसांच्या आठवणी काढतात, लिसा हसते. दुकानातला एक तरुण एडीला ओळखतो आणि कुजबुजत सांगतो की आपण जेमीच्या बाजूनं आहोत. शिवीपेक्षा ही सहानुभूती एडीला जास्त लागते. परतताना जेमीचा फोन येतो. बाबांना शुभेच्छा देता देता तो सांगतो की आता गुन्हा कबूल करणार आहे. आई आणि बहीण गप्प बसून ऐकत असतात, हे त्याला ठाऊक नसतं.

घरी आल्यावर नवरा-बायको बेडरूममध्ये बसून बोलतात. एडीचा बाप त्याला पट्ट्यानं मारायचा. आपल्या मुलांवर हात उगारायचा नाही, हे त्यानं ठरवलं होतं आणि पाळलंही. मुलगा रात्री एक-एक वाजेपर्यंत खोलीत कॉम्प्युटरसमोर असायचा, दाराखालून उजेड दिसायचा. तो घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं त्यांना वाटलं. कोणाला वाटणार नाही? दोघांना कळत नाही की चुकलं नेमकं कुठे, आणि काहीच चुकलं नाही असंही म्हणवत नाही. तेवढ्यात लिसा आत येते, समजूतदारपणे बोलते. ती गेल्यावर एडी विचारतो, ही इतकी चांगली कशी घडली? मँडा उत्तरते की तिलाही आपणच घडवलं, जसं त्याला घडवलं.

या उत्तरात मालिकेचा सगळा प्रामाणिकपणा आहे. वाईट घर, दारुडा बाप, दुर्लक्ष करणारी आई असं काही सापडलं असतं तर आपण सुटकेचा श्वास घेतला असता, कारण आपलं घर तसं नाही. लेखकांनी ती पळवाट बुजवली. सगळं खापर इंटरनेटवरही फोडलं नाही. शाळा, चिडवणूक, पुरुषपणाबद्दलच्या घरातल्या न बोललेल्या कल्पना आणि मोबाइलमधून येणारं विष, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, आणि सुरा चालवणारा हात जेमीचाच आहे.

मालिकेनंतर

पहिल्या तीन महिन्यांत मालिकेला १४ कोटींहून अधिक व्ह्यूज मिळाले. ब्रिटनमध्ये तिचा विषय संसदेपर्यंत गेला. पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी आपण ती आपल्या मुलांसोबत पाहत असल्याचं सांगितलं, निर्मात्यांना डाउनिंग स्ट्रीटवर चर्चेला बोलावलं, आणि देशभरच्या माध्यमिक शाळांत ती मोफत दाखवण्याची सोय नेटफ्लिक्सनं केली. एका काल्पनिक कथेवर सरकारनं इतकं विसंबावं का, असंही काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. समुपदेशक, शिक्षक आणि समाजमाध्यमांवरचे नियम यांची जागा चार तासांचं नाटक घेऊ शकत नाही.

तरी या नाटकाचा एक उपयोग मला पक्का दिसतो. तो शाळेच्या सभागृहापेक्षा घरात जास्त होईल. चारही भागांत मोठी माणसं सतत मुलांना प्रश्न विचारतात: पोलीस, शिक्षक, वकील, मानसशास्त्रज्ञ, आईवडील. न विचारता खरी माहिती फक्त एकदाच मिळते, अ‍ॅडम स्वतःहून वडिलांना बाजूला घेतो तेव्हा, आणि तीही बाप न रागावता ऐकून घेतो म्हणून. ती खुनानंतर तीन दिवसांनी मिळते, हीच शोकांतिका.

म्हणून ही मालिका घरातल्या १३-१४ वर्षांच्या मुलासोबत पाहिली तर संपल्यावर उपदेश करू नये. तुझ्या शाळेत असं चालतं का, ती चिन्हं तुला माहीत होती का, एवढं विचारावं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत गप्प राहावं. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: केटीच्या जागी तुझी मैत्रीण असती, तिचा फोटो फिरला असता, तर तू काय केलं असतंस? जेमीला हा प्रश्न कुणी वेळेत विचारला नाही. आपल्या घरातल्या मुलांना तो विचारायला अजून उशीर झालेला नाही.